नाशिक दाखवायचं तर पूर्ण दाखवा

माननीय संपादक,
स. न.

दिवाळीच्या सुट्टीत माझी नणंद मुलांना घेऊन अकोल्याहून आली होती. एका रिक्षावाल्याशी ‘पंचवटी दर्शन’ ठरवलं. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन; दीड तासात सगळं उरकलं. रामायणातल्या कथा त्याने भक्तिभावाने सांगितल्या, आम्हीही हात जोडून ऐकल्या. पण रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर नारोशंकराचं देऊळ आहे, तिथे रिक्षा थांबलीसुद्धा नाही. शेवटी मीच मुलांना पायी घेऊन गेले.

मोठा आवाज ऐकला की ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची आपली जुनी सवय. ती खरी घंटा देवळाच्या तटावर आजही टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथून ही विजयाची खूण आली. देऊळ १७४७ सालचं आणि घंटेवर साल १७२१; म्हणजे देवळाहून घंटाच वयाने मोठी! हे सांगितल्यावर भाची मान वर करून तो आकडा शोधत कितीतरी वेळ उभी होती.

काळारामाचं तसंच. काळ्या पाषाणाचं हे देखणं मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, हे आम्हाला सांगितलं गेलं. मात्र २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या दरवाजांसमोर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, देवाच्या दर्शनासाठी आलेल्या माणसांना दारं बंद झाली आणि दादासाहेब गायकवाडांनी हा लढा नेटाने चालवला, याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. सत्याग्रह वगळून काळाराम दाखवू नये, असं मला फार कळकळीने वाटतं.

पांडवलेणी तर ‘दर्शना’त धरतच नाहीत. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी प्राकृतात कोरून ठेवली आहे: तीन समुद्रांचं पाणी ज्याची घोडी प्याली असा राजा. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, पण आपल्या भाषेच्या या पूर्वजाला भेटायला किती नाशिककर तेवढ्या पायऱ्या चढतात?

सिंहस्थासाठी रस्ते, घाट यांची कामं सुरू आहेत. त्याच निधीतून या ठिकाणी ठळक मराठी फलक लावावेत आणि रिक्षाचालकांना, मार्गदर्शकांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. नारोशंकराजवळचा फलक मात्र दगडात कोरून उंचावर बसवावा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला गोदामाईच्या पुराचं पाणी लागलं की त्या देवळालाही वेढा पडतो. पत्र्याची पाटी एका पावसाळ्यातच वाहून जाईल.

– एक वाचक, नाशिक