रिमोटच्या गाडीचा टायर उघडून आतला फोम बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की आमच्या वडगावात गल्लोगल्ली रिमोटच्या गाड्या निघतात. आता त्यांत दगडाधोंड्यांवर हळूहळू चढणाऱ्या क्रॉलर गाड्याही दिसायला लागल्यात. या गाड्या स्वस्त नाहीत. पोरांनी वर्षभर साठवलेले, आजीने हातावर ठेवलेले पैसे त्यात गेलेले असतात. आणि महिन्याभरात ‘चढतच नाही’ म्हणून गाडी कपाटावर जाऊन बसते. माझ्या ओळखीच्या तीन घरांत असं झालं. तिन्ही गाड्यांची मोटर चांगली होती, बॅटरी चांगली होती. दोष टायरच्या आत होता, म्हणून हे पत्र.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. गेल्या वर्षी भाच्याला १:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, क्रॉलर घेतली. रविवारी सकाळी आम्ही येळ्ळूरला राजहंसगडाच्या पायथ्याशी जातो. सरळ चढावर गाडी ठीक चालायची, पण उतारावर आडवी घातली की खालच्या अंगाचे दोन्ही टायर रिमखाली मुडपायचे आणि गाडी कोलांटी खायची. माझं लक्ष मोटरकडे होतं. “मामा, टायर दुमडायलाय बघ,” हे भाच्यानंच आधी ओळखलं. गाडी घेतली तिथं विचारलं तर ‘नवे टायर घाला’ एवढंच उत्तर. घरी आलो आणि रिमचे स्क्रू खोलले.

या टायरमध्ये हवा दाबून भरलेली नसते. रिमला किंवा टायरला बारीक भोक असतं, त्यातून हवा ये-जा करते. टायरचा आकार सांभाळतं ते आतलं फोमचं कडं. आमच्या टायरातून निघालं ते मुठीत चुरगळेल इतकं मऊ होतं, एका बाजूला कायमचं चेपलेलं, आणि रुंदीला टायरच्या निम्मं. टायरच्या भिंतीला आधारच नव्हता.

मग मी गादीवाल्याकडून कडक फोम आणून ठासून भरला. ती चूक झाली. टायर दुमडायचा थांबला, पण दगडावर नुसता घसरायला लागला. क्रॉलरचा टायर दगडावर बसला पाहिजे, दगडाचा कोपरा त्यात रुतला पाहिजे. रबर कितीही चिकट असो, आत टणक भरलंत तर दगडाला टेकतं ते नखाएवढं.

शेवटी जमलं ते दोन थरांच्या फोमनं. रिमला लागून बंद छिद्रांचा घट्ट फोम, रबरी चपलेच्या तळव्यासारखा. त्याच्याभोवती उघड्या छिद्रांचा मऊ स्पंज. आडव्या उतारावर आतला थर टायरची भिंत धरून ठेवतो, बाहेरचा थर दगडाप्रमाणे दबतो. गाडी जड असेल तर फोम थोडा घट्ट लागतो, हलकी असेल तर मऊ. बाहेरच्या थराला कडेनं त्रिकोणी खाचा घेतल्या की तो आणखी मऊ होतो. मात्र एका वेळी थोडंच कापावं, बसवून बघावं, मग पुढची खाच.

माप घेताना आमच्या पोरांचा हमखास घोटाळा होतो. १.९ इंची टायर म्हणजे रिमवर टायरचा काठ बसतो तिथला व्यास, साधारण ४८ मिमी. टायरची बाहेरची उंची वेगळी असते आणि फोम घेताना दोन्ही बघावी लागतात, शिवाय रुंदी. बसवताना फोम टायरमध्ये ढकलल्यावर अंगठा आतून पूर्ण गोल फिरवा. कुठं घडी, कुठं पीळ राहिला तर तिथं टायरला टेंगूळ येतं आणि गाडी चालताना थडथडते. काठ रिमच्या खाचेत बसला, फोम त्यात चिमटला नाही, हे बघूनच टायरचा काठ दाबून धरणारी वरची रिंग ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पहिल्यांदा घट्ट केलात की रिंग तिरकी बसते. हे मी कारखान्यात रोज करतो, तरी भाच्याला दोनदा दाखवावं लागलं. आता तो न बघता करतो.

आपल्याकडचा पाऊस विसरून चालणार नाही. ओढ्यात गाडी घातली की वरचा स्पंज पाणी पितो आणि चाक जड होतं. आम्ही रिमचं भोक बंद करून टायरच्या नक्षीत समोरासमोर दोन बारीक भोकं पाडली. चाक फिरलं की पाणी तिथून बाहेर फेकलं जातं. तरीही घरी आल्यावर टायर उघडून फोम वाळवावाच लागतो. नाहीतर कुबट वास येतो आणि स्पंजचा भुगा होतो.

माझी विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे की गाडीबरोबर फोमही सुटा ठेवा आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगा. तसंच, संपादकसाहेब, आपल्या मुलांच्या पानावर अशा हातकामाला थोडी जागा द्यावी. स्क्रू खोलून आत बघायला पोरं भितात, कारण मोठी माणसं ‘मोडशील’ म्हणून ओरडतात. आणि गडावर येणाऱ्या पोरांना सांगणं आहे: गाडी पायथ्याच्या सुट्या दगडांवर चालवा, तटबंदीवर आणि सिद्धेश्वराच्या देवळाभोवती नको.

ज्यांच्या घरी अशी गाडी कपाटावर आहे त्यांनी रविवारी सकाळी ७ ते ९ येळ्ळूरच्या बाजूला पायथ्याशी यावं. स्क्रू खोलायचे बारीक पाने, कात्री आणि उरलेला फोम माझ्या पिशवीत असतो.

आपला,
एक टर्नर, वडगाव, बेळगाव