विषय: विंडब्रेकसाठी (वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगेसाठी) व्हाइट स्प्रूस सांगून ड्वार्फ म्हणजे बुटकी झाडं लावलीत, बदलून द्या

नमस्कार,

गेल्या वर्षी मे महिन्यात तुमच्या लोकांनी आमच्याकडे जी तीस स्प्रूसची झाडं लावली त्याबद्दल ही लेखी तक्रार आहे. फोनवर तुमच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "ताई, कोटेशनमध्ये पिसिया ग्लॉका आहे आणि लावलंय तेही पिसिया ग्लॉकाच, मग रिफंड कसला?" आणि विषय संपवून टाकला (पिसिया ग्लॉका हे व्हाइट स्प्रूसचं शास्त्रीय नाव). माझा विषय संपलेला नाही म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय, आणि इथल्या गणपतीत तुमच्या स्टॉलवर मालकांशी माझं जे बोलणं झालं ते मराठीतच झालं होतं तर तक्रारही मराठीतच करते.

आमची जागा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनच्या बाहेर, वायव्येला नुसती सपाट शेतं, आडोसा म्हणून काही नाही. जानेवारीत वारा सुटला की शेतातला बर्फ वाहत येऊन ड्राइव्हवेवर कमरेएवढा साचतो, सकाळी मुलांना स्कूल बसपर्यंत पोचवणं मुश्कील होतं. हे सगळं मी मालकांना सांगितलं होतं आणि तेच म्हणाले की व्हाइट स्प्रूस लावा, इथलंच झाड आहे, उणे चाळीसलाही काही होत नाही. सल्ला शंभर टक्के बरोबर होता हो, म्हणून तर मी लगेच अ‍ॅडव्हान्स दिला. न्यूफाउंडलंडपासून अलास्कापर्यंत हे झाड आपलं आपण उगवतं, पार उत्तरेला मॅकेंझी नदीच्या मुखाशी जिथे जंगल संपतं तिथपर्यंत, आणि प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या सपाट माळरानावरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या घराभोवती तेच लावलंय. सस्कॅचेवानमधल्या इंडियन हेडच्या सरकारी नर्सरीतून 1901 पासून 2013 पर्यंत शेतकऱ्यांना अशा आडोशासाठी रोपं मिळायची, त्यातही व्हाइट स्प्रूस होता. वर्षभर हिरवा राहतो, फांद्या जमिनीपर्यंत येतात, एकदा मुळं धरली की वर्षाला साधारण फूटभर वाढतो आणि चांगल्या जमिनीत 25 मीटरच्या वर जातो.

विंडब्रेकमध्ये उंची हाच सगळा खेळ आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. झाड जेवढं उंच त्याच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो, म्हणजे तीस फुटी रांग असेल तर तीनशे फूट. आता तुम्ही लावलेली झाडं बघा. कुंडीच्या तळाशी चिकटलेलं लेबल मला नंतर सापडलं, त्यावर ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस, कॉनिका असं स्वच्छ छापलंय. ही जात 1904 मध्ये लेक लुईसजवळ दोन वनस्पतीतज्ज्ञांना सापडली, व्हाइट स्प्रूसचंच निसर्गात झालेलं बुटकं रूप, दिसायला गोंडस, दाट शंकूसारखं, दाराशी कुंडीत ठेवायला छान. पण वर्षाला वाढतं दोन ते चार इंच! दहा फूट व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. तोपर्यंत माझी मुलं शाळा संपवून, नोकरीला लागून, स्वतःच्या घरात गेलेली असतील. पुस्तकात दोघांचं नाव एक असेल पण मी नाव विकत घेतलं नव्हतं, वारा अडवायचं काम विकत घेतलं होतं, आणि तुमच्या कोटेशनवर "विंडब्रेक" हा शब्द तुम्हीच टाइप केलाय.

दुसरं म्हणजे ही झाडं आमच्या उघड्यावर टिकतही नाहीयेत. मार्चमध्ये ऊन कडक पडतं, वारा असतो, पण जमीन अजून गोठलेली, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि सुया, म्हणजे याची सुईसारखी पानं, वाळतात. तीसपैकी एकोणीस झाडांची दक्षिणेची बाजू अक्षरशः तांबडी झालीय, हात लावला की सुया झरझर गळतात आणि आत नुसत्या काड्या. अल्बर्टा नाव आहे म्हणून अल्बर्टातल्या उघड्या माळावर चालेल असं धरून चालणं ही नर्सरीवाल्याची चूक आहे, गिऱ्हाइकाची नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः येऊन बघाच. गेटपासून चौथ्या झाडातून एक वेगळी फांदी फुटलीय, मूळ व्हाइट स्प्रूसची. ड्वार्फच्या सुया अर्ध्या इंचाच्या आतल्या, मऊ, पोपटी, आणि या फांदीच्या जवळजवळ दुप्पट लांब, जाड, निळसर, चिमटीत फिरवल्या की चार कडा बोटाला लागतात, चुरगळल्या की तो उग्र वास येतो ज्याच्यामुळे इथले लोक त्याला स्कंक स्प्रूस म्हणतात. एका सीझनमध्ये ती बाकीच्या झाडाच्या बाहेर वीतभर गेलीय. मी काय मागितलं होतं आणि काय मिळालं हे त्या एकाच झाडावर शेजारी शेजारी दिसतं. फोटो सोबत जोडलेत.

मला या झाडाबद्दल मनापासून प्रेम आहे म्हणूनही जास्त लागलंय. इथे आल्यावर मी या झाडाविषयी बरंच वाचलं, विचारलं. आपण राहतो त्या घरांच्या भिंतीतले टू बाय फोर, म्हणजे सांगाड्याचे लाकडी वासे, बऱ्याचदा याच लाकडाचे, कागदाचा लगदा याचा, इथल्या मूळ रहिवाशांनी याचीच लांब चिवट मुळं सोलून, भिजवून बर्चच्या सालीच्या होड्या शिवल्या आणि शिवणीवर याचाच डिंक लावून पाणी आत येणं बंद केलं. इतकं कामाचं झाड मागितल्यावर शोभेचं रोप लावून बिल पूर्ण घ्यायचं हे मला पटत नाही.

तर माझं म्हणणं असं. तीसही झाडं तुमच्या खर्चाने काढा आणि त्या जागी कॉनिका नव्हे, मूळ व्हाइट स्प्रूस लावा, किमान तीन फुटी, प्रेअरीत वाढवलेल्या रोपांपैकी, दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवून, कारण मागच्या वेळी चार चार फुटांवर लावलीत, खरी झाडं असती तर काही वर्षांतच एकमेकांत घुसली असती. लावताना मी समोर असणार आणि प्रत्येक लेबल वाचणार. पहिल्या हिवाळ्यात जी मरतील ती बदलून द्यायची गॅरंटी लेखी हवी. हे जमत नसेल तर रोपं आणि मजुरी दोन्हीचे पूर्ण पैसे परत करा, मी दुसरीकडून लावून घेईन.

लागवडीचा सीझन थोडाच असतो म्हणून पंधरा दिवसांत लेखी उत्तर पाठवा. नाही आलं तर कोटेशन, लेबल आणि फोटो घेऊन मी प्रांताच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार करणार. फोनवर उत्तर नको, ईमेलच करा.

तुमची ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि पत्ता सोबतच्या बिलावर आहे)