चोंगछिंगहून पत्र

चोंगछिंग, चीन,
१६ नोव्हेंबर

प्रिय शालू,

"फोनवर दोन ओळी टाकून भागवायचं नाही," असं तू बजावलं होतंस, म्हणून आज सकाळी कुठेही न जाता खिडकीशी बसून लिहितेय. समोरची इमारत दहा वाजले तरी अर्धीच दिसतेय. या शहराला धुक्याचं शहर म्हणतात, ते पहिल्या दिवशीच पटलं.

माझी आजी आठवते ना तुला? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोलापूरच्या एसटी स्टँडवर ती एकेका गाडीपाशी जाऊन विचारायची, "अक्कलकोटला जाती का रं बाबा?" मी तेव्हा चौथी-पाचवीत होते आणि मला तिची लाज वाटायची. पाटी एवढी समोर आहे, मग विचारायचं कशाला? शालू, परवा रात्री मेट्रोतून बाहेर आले आणि समोर नुसत्या पाट्याच पाट्या. दुकानांच्या, रस्त्यांच्या, इमारतींच्या. त्यातलं एकही अक्षर माझं नव्हतं. मेट्रोत इंग्रजी होतं, गल्लीत ते संपलं. आजी सगळं आयुष्य अशी वावरली, हे त्या रस्त्यावर उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

त्यात हे शहर डोंगरावर चढलेलं. नकाशातला ठिपका म्हणत होता, हॉटेल इथेच आहे. होतंही इथेच, फक्त कितीतरी मजले खाली! मी त्या एकाच जागेभोवती पाऊण तास फिरले. शेवटी भाजीची पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना फोनवरचा पत्ता दाखवला. त्यांनी काहीतरी सांगितलं, मला कळलं नाही हे त्यांना कळलं, आणि सरळ माझी बाही धरून त्या मला एका इमारतीत घेऊन गेल्या. लिफ्टने आम्ही खाली उतरलो, पलीकडच्या दारातून बाहेर पडलो, तर तिथे दुसराच रस्ता आणि माझं हॉटेल. मी "श्येश्ये, श्येश्ये", म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणत राहिले. आजीलाही असंच कुणीतरी हात धरून गाडीत बसवत असेल.

इथे 'तळमजला' या शब्दाला फारसा अर्थ नाही. होंगयादोंग नावाची अकरा मजली जागा आहे, डोंगराच्या कड्याला टेकून उभी. खालच्या दारातून बाहेर पडलीस तर नदीकाठचा रस्ता, अकराव्या मजल्यावरून बाहेर पडलीस तरी रस्ताच, तिथेही टॅक्सी उभ्या. लित्सुपा स्टेशनवर तर मोनोरेल एकोणीस मजली इमारतीच्या पोटातून जाते, सहाव्या ते आठव्या मजल्यामधून, आणि वरच्या मजल्यांवर माणसं राहतात. ते बघायला खाली रस्त्याकडेला खास जागा केली आहे. मी तिथे अर्धा तास उभी होते.

काल छाओथ्येनमनला गेले. तिथे च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते. संगम म्हटलं की आपल्याला घाट आणि देऊळ आठवतं. इथे धक्का आहे, बोटी आहेत, मागे काचेचे प्रचंड मनोरे. खांद्यावर बांबू आणि दोर घेतलेले हमालही दिसले. त्यांना इथे बांगबांग म्हणतात. एके काळी धक्क्यावरून वर शहरात चढणारा सगळा माल यांच्याच खांद्यावरून जायचा. आता थोडेच उरलेत, आणि बहुतेक साठीच्या पुढचे.

मी हेच शहर का निवडलं ते तू विचारलं होतंस, तेव्हा मी नीट सांगितलं नाही. कारण आपले डॉ. कोटणीस. १९३८ च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला मुंबईहून बोटीने निघालं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. यानआनला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, जाण्याआधी ते इथे थांबले होते. तेव्हा ही चीनची युद्धकाळातली राजधानी. जपानी विमानं पुढे कित्येक वर्षं इथे बाँब टाकत राहिली. लोकांनी आसऱ्यासाठी डोंगरात खणलेली भुयारं अजून आहेत, काहींमध्ये आता खानावळी चालतात. इथेच कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. वय अठ्ठावीस. लहानपणापासून शाळेत ऐकलेली ही गोष्ट मला इथे येऊन वेगळीच लागली. या अक्षरांपुढे तेही एकदा कोरेच उभे राहिले असणार. पण ते चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि १९४२ च्या डिसेंबरात चीनच्याच मातीत गेले. काल संगमावर मी त्यांच्यासाठी थोडा वेळ नुसती उभी राहिले.

आता जेवणाचं. हॉटपॉट म्हणजे टेबलाच्या मधोमध उकळता लालभडक रस्सा, त्यात आपणच एकेक जिन्नस शिजवायचा. मी बटाटा, कमळाचा देठ आणि टोफू घेतला. तिखटाला मी घाबरत नाही, तुला माहीत आहे. पण दुसऱ्याच घासाला ओठ बधिर झाले, जिभेवर मुंग्या आल्या, आणि मला एकदम वेंगुर्ल्याचं तुझं स्वयंपाकघर आठवलं. तिरफळ! तुझ्या आईच्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ. इथे त्याला हुआच्याओ म्हणतात, दोन्ही एकाच कुळातली झाडं. फक्त तुमच्याकडे आमटीत चार-पाच पडतात, इथे मूठभर. वास जरा वेगळा, लिंबाकडे झुकणारा. एवढ्या दूर, एकटी बसून, तोंड बधिर झालेलं असताना मला घरच्यासारखं वाटलं.

आणि हो, मी दोन अक्षरं शिकले. पहिलं डोंगरावर डोंगर ठेवल्यासारखं, त्याच्या शेजारी साधा चौकोन. छूखोउ, म्हणजे बाहेर जायचा रस्ता. आज मेट्रोत ते दिसलं की इंग्रजीकडे न बघता जाणार आहे.

आईंसाठी हुआच्याओची पुडी घेतली आहे. त्यांना सांग, तिरफळांच्या बरणीत मिसळू नका, आधी वेगळं करून बघा. कसं लागलं ते मला कळव.

तुझी,
मेधा