डिस्क चाकात, पण काम मास्टर सिलिंडरपासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की जुन्या गाड्यांच्या रॅल्यांचे वेध लागतात आणि त्याआधी गॅरेजमध्ये एकच मागणी ऐकू येते, ‘पुढचे ड्रम ब्रेक काढा, डिस्क ब्रेक टाका.’ फियाट ११०० आणि पद्मिनी, अँबेसेडर, मॉरिस मायनर, महिंद्राची जुनी जीप, सगळ्यांचे तेच. मागणी चुकीची नाही. घाट उतरताना ड्रम तापला की फुगतो, आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क तापली तर फुगून उलट तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडच्याच दिशेने येते. पाण्यातून गाडी काढल्यावरही डिस्क लवकर कोरडी होते. आक्षेप आहे तो काम करण्याच्या पद्धतीला. भंगारातून डिस्क आणि पॅड दाबणारे कॅलिपर आणायचे, पट्टी कापून अडकवायचे, जुनाच मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा पंप) ठेवायचा आणि लाइनमधली हवा, म्हणजे एअर, काढून गाडी मालकाच्या हाती द्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. अशी गाडी मूळ ड्रमपेक्षा धोकादायक असते.

ड्रममध्ये पुढचा शू (लायनर बसवलेली पट्टी) चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कमध्ये ही मदत शून्य. पॅडवर जेवढा दाब द्याल तेवढाच ब्रेक. म्हणून डिस्कला लाइनमध्ये कितीतरी जास्त दाब लागतो आणि तो कुठून येणार हे आधी ठरवावे लागते. पायाने ३० किलो जोर दिला आणि पेडलचा लिव्हर पाचपट असेल तर मास्टरच्या रॉडवर १५० किलो येतात. मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच असेल तर लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो दाब तयार होतो, सात अष्टमांश इंचाला ३९ आणि एक इंची बोअरला जेमतेम ३०. ‘मोठ्या गाडीचा मास्टर टाकला, ब्रेक जबरदस्त होतील’ हे म्हणणे म्हणूनच उलटे आहे. बोअर मोठा केला की पेडल टणक लागते, पण गाडी थांबत नाही. बोअर लहान केला तर दाब वाढतो, मात्र पेडल लांब जाते. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) नसेल तर लहान बोअर, बूस्टर असेल तर थोडा मोठा, हा साधा हिशोब. बूस्टर पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिन घातलेल्या गाडीत तो व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा पंपच लागतो. बूस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडे खाली बसले तर बूस्टर काम करतो आहे.

एक सर्किटवाला मास्टर या कामात ठेवूच नये. जुन्या फियाटला चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे एक होज (रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक गेले. दोन वेगळ्या सर्किटांचा टँडम मास्टर घ्या आणि डिस्कच्या बाजूची ऑइलची टाकी मोठी आहे याची खात्री करा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल भरत जाते. ४८ मि.मी. पिस्टनच्या एका कॅलिपरमध्ये पॅड पूर्ण झिजेपर्यंत २५ ते ३० मि.ली. जास्तीचे ऑइल जाऊन बसते, दोन चाकांचे मिळून ६०च्या घरात. ड्रमच्या इवल्याशा टाकीत तेवढे नसते. गळती कुठेही नाही, तरी एक दिवस टाकी कोरडी आणि लाइनमध्ये हवा.

बहुतेक वेळा डोळ्याआड राहतो तो रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या मास्टरमध्ये, आउटलेटच्या तोंडाशी, तो बसवलेला असतो आणि लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब कायम धरून ठेवतो, कारण चाकातल्या सिलिंडरच्या रबरी कपांच्या कडा दबून राहायला हव्यात. हाच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड कधी सुटतच नाहीत. ब्रेक घासत राहतो, ऑइल उकळते आणि पेडल स्पंजासारखे होते. तो पुढच्या सर्किटमधून काढलाच पाहिजे. मात्र मॉरिस मायनर किंवा जुन्या जीपसारखा मास्टर फरशीखाली असेल तर पूर्ण काढूनही चालत नाही. मास्टर कॅलिपरच्या पातळीला किंवा त्याखाली येतो, ऑइल मागे ओघळते आणि पहिले पेडल रिकामे जाते. तिथे डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लावतात.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर ब्रेक आपोआप धरू लागले तर कारण शोधायची पद्धत सोपी आहे. गाडी उभी करून, चाकांना अडसर लावून, मास्टरपाशी पाइपचा नट थोडा सैल करा. चाक सुटले तर दोष मास्टरकडे आहे: एकतर रेसिड्युअल व्हॉल्व्ह, नाहीतर पुशरॉडला खेळ नाही. रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे एक मि.मी. मोकळी जागा लागते. ती नसली की मास्टरमधले बारीक परतीचे भोक झाकलेलेच राहते आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाट मिळत नाही. मास्टरपाशी सैल करून चाक सुटले नाही, पण कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडताच सुटले, तर रबरी होज आतून सुजला आहे. बाहेरून तो नवा दिसू शकतो. तरीही सुटत नसेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत.

आता चाकाकडे. स्टब अ‍ॅक्सलवर वेल्डिंग करू नये, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी. ज्यावर पुढचे चाक फिरते तो हा फोर्जिंगचा तुकडा आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या पोलादाचे पाणी जाते आणि तुटतो तेव्हा चाकासकट तुटतो. ड्रमची बॅकप्लेट ज्या भोकांवर बसते त्याच भोकांवर १० ते १२ मि.मी. जाड स्टील प्लेटचे ब्रॅकेट बसवावे, मशीनवर सपाट करून घेतलेले, आणि बोल्ट १०.९ ग्रेडचे. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आणि डिस्कला समांतर आहे का, हे व्हर्नियरने दोन्ही बाजूंनी मोजा. डोळ्यांनी ठरवू नका. डिस्कची लचक (फिरताना डावी-उजवी डोलणे) डायल गेजवर ०.१ मि.मी.च्या आत हवी. भंगारातली डिस्क घ्यायची असेल तर कडेवर किंवा हबवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि त्याखाली गेलेली डिस्क स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

ड्रम ढिल्या बेअरिंगला माफ करतो, डिस्क करत नाही. बेअरिंगमध्ये खेळ असला की वळणावर डिस्क डगमगते आणि पिस्टनला आत ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक मारताना पहिले पेडल अर्धे रिकामे जाते आणि दुसरे बरोबर लागते. अशा वेळी गॅरेजवाले पुन्हा पुन्हा एअर काढत बसतात. एअर नसतेच. किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ) आणि बुश झिजले असतील तर ब्रेक मारताच स्टिअरिंग थरथरते. आधी ते बदला, मग डिस्क.

रिमच्या आत कॅलिपर घासतो का हे पाहताना किमान ३ मि.मी. अंतर ठेवा. रिकामे रिम नीट फिरेल, पण आतल्या बाजूला लावलेले बॅलन्सिंगचे शिसे कॅलिपरला ठोकेल. डिस्कच्या जाडीमुळे चाक बाहेर सरकते आणि स्टड आखूड पडतात. नट किमान स्टडच्या व्यासाइतका चढलाच पाहिजे, १२ मि.मी. स्टड असेल तर दीड मि.मी.च्या आट्यावर आठ पूर्ण फेरे. होज तपासताना गाडी जॅकवर, चाके लोंबती ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. मग चाके जमिनीवर टेकवून पुन्हा तेच. होज ताणला जाऊ नये आणि टायरला लागू नये.

आट्यांचा घोळ तर वेगळाच. फियाट आणि आपल्या आजच्या गाड्यांना १० बाय १ मि.मी. मेट्रिक आटे, जुन्या ब्रिटिश गाड्यांना तीन अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे. दोघांत फरक इतका कमी की नट दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो. जोर लावला की आटा मरतो किंवा पाइप पाझरत राहतो. पाइपच्या तोंडाचे फ्लेअरही दोन प्रकारचे असतात. गोल फुगीर आणि आत दुमडलेले एकमेकांत बसत नाहीत. एसी दुरुस्तीची साधी तांब्याची नळी ब्रेकला वापरू नये, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना नवे वॉशर हवेत.

कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले तर निपल खाली येतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकते. मग लिटरभर ऑइल ओतले तरी पेडल स्पंजच. निपल सर्वांत वर, हा नियम. उजव्या हाताच्या गाडीत एअर काढताना मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे या क्रमाने जावे. डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल घ्या. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर मात्र तो १५५पर्यंत येऊ शकतो. म्हणूनच उघडी पडलेली बाटली पुन्हा वापरायची नसते. आणि एअर काढण्याआधी मागचे शू समायोजित करा. लांब जाणाऱ्या पेडलचे कारण बऱ्याचदा मागचे ढिले शू असतात.

मागच्या ड्रमचे दुखणे इथेच संपत नाही. पुढे डिस्क, वर बूस्टर, म्हणजे मागच्या ड्रमलाही आता पूर्वीपेक्षा जास्त दाब पोहोचतो, आणि ते तर स्वतःच ओढून घेणारे. रिकाम्या गाडीत मागची चाके आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून, मोकळ्या रस्त्यावर आधी कमी वेगात, मग वाढवत, पुढची चाके किंचित आधी लॉक होतील असे जमवावे लागते. नवे पॅड बसवल्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मधे थंड होऊ देऊन. तापलेल्या डिस्कवर सिग्नलला पाय दाबून उभे राहू नये. जुने शू काढताना हवेचा फवारा मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या कापडाने पुसा.

आमचे मत असे की वर्षातून दोन-चार रॅल्यांना निघणाऱ्या गाडीला डिस्कची गरज बहुधा नाही. ड्रम लेथवर गोल करून घ्या, मापाची मर्यादा न ओलांडता. लायनर ड्रमच्या गोलाईवर घासून बसवा, चारही रबर किट बदला, ऑइल बदला. गाडी सरळ आणि जोरात थांबते. रोज घाट उतरणाऱ्या गाडीला मात्र डिस्क जरूर द्या, पण वरच्या सगळ्या कामांसह.

नोंदणीचाही प्रश्न आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. ब्रेकचे नाव त्यात नाही, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, मूळ मास्टर ग्रीस लावून, खुणेची चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत आणि मूळ भागांत एकही नवे भोक पाडू नये.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे दोघे मेकॅनिक, कोल्हापूर