पोटं आली तरी चालतील

वाई,
रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणून लिहायला बसलो. झाडावर चढण्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तिला कबूल केलंय.

तुझा हरियालचा फोटो मोबाईलवर मोठा करून किती वेळा पाहिला! हळदीसारखे पिवळे पाय, खांद्यावरचा फिकट जांभळा डाग, चोचीत वडाचं लाल फळ. आणि डोळा! बुबुळाला निळं कडं आणि त्याच्या बाहेर गुलाबी कडं असतं, हे मला साठी उलटल्यावर तुझ्यामुळे कळलं. आळीतल्या सगळ्यांना दाखवून आलो. आपला राज्यपक्षी आहे आणि आमच्या मुक्तीनं टिपलाय, असं सांगत होतो.

पण बाळा, मीही थोडेफार पक्षी पाहिलेत. हरियाल सहसा जमिनीवर उतरत नाही. खालून फोटो काढला तर नुसती पोटं येतात, मागं पांढरं आभाळ आणि पक्षी काळा. तुझ्या फोटोत तो तुझ्या नजरेच्या रेषेत आहे, मागं पानंच पानं. म्हणजे तू वीस-पंचवीस फूट वर होतीस. एक हात कॅमेऱ्याला, दुसरा त्या जड लेन्सला. मग फांदी कशानं धरली होतीस?

बघ, आलोच त्यावर. राहू दे.

सुरूरच्या रस्त्यावरचे वड आठवतात? तू दुसरीत होतीस. स्कूटरवर माझ्यापुढं उभी राहून यायचीस. एका झाडातून शीळ ऐकू येत होती, पण पक्षी एकही दिसेना. फळांचे तुकडे तेवढे टपटप पडत होते. चाहूल लागली की ते हलायचे थांबतात, हिरव्यात हिरवे होऊन जातात. तू टाळी वाजवलीस आणि त्या रिकाम्या झाडातून तीस-चाळीस हरियाल फडफडत उठले. मग रडलीस, ‘मी त्यांना उठवलं’ म्हणून. फळं संपेपर्यंत रोज तुला न्यावं लागलं. संपली तेव्हा विचारलंस, आता ते काय खातील? मी म्हटलं होतं, सगळे वड एकदम पिकत नाहीत. हा संपला की पुढचा, मग एखादा पिंपळ, एखादा उंबर. कुठं ना कुठं एखादं झाड पिकलेलं असतंच, आणि थवा ते हुडकून काढतो.

मग तुला एवढी घाई कशाची, मुक्ता? हे झाड हुकलं तर दुसरं पिकेल की.

आप्पा चाळीस वर्षं झेला घेऊन आंब्यावर चढत होते. सराव नव्हता का त्यांना? त्यांच्या गळ्यात तर कॅमेराही नव्हता. उंबराच्या फांदीवर जाणतं माणूस भार टाकत नाही. या दिवसांत वडाला आग्यामोहोळ लटकलेलं असतं. माश्या उठल्या तर जमिनीवरचा माणूस पळेल तरी, वर बसलेल्यानं कुठं जायचं? निदान दोर बांधत जा. खाली कुणाला तरी उभं करत जा. एकटी जाऊ नकोस.

चुकलो. तुला हे सगळं माझ्याहून जास्त कळतं. तू तिथं नवेगावबांधला एकटीनं राहतेस, पहाटे चारला उठतेस, पानांत लपलेला पक्षी नुसत्या शिळेवरून ओळखतेस. मला त्याचं किती कौतुक आहे ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं. आणि पहिल्या फांदीवर तुला मीच बसवलं होतं. आई हेच ऐकवते, आणि तिचं खरं आहे.

काल पसरणी घाटात जाऊन आलो. एका वळणाखाली उतारावर मोठा वड आहे. कठड्याशी उभं राहिलं की त्याचा शेंडा बरोबर डोळ्यांसमोर येतो. साडेसातला त्यावर छान ऊन होतं. फळं अजून हिरवी आहेत. मी एक दिवसाआड जाऊन बघेन, रंग धरला की कळवेन. रजा मिळते का बघ. तीन दिवस पुरतील. डबा घेऊन मी सोबत येईन, बोलणार नाही.

तोवर तिकडं जे काढशील ते खालूनच काढ. पोटं आली तरी चालतील.

तुझे,
बाबा