लेकीच्या दम्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीला पुन्हा मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं, हे वाचून जीव कासावीस झाला. ‘तीव्र दमा’ हे शब्द कानावर पडल्यापासून तुम्हा दोघांची झोप उडाली असणार. लहान मुलांचा डॉक्टर आहे म्हणून, आणि तुझा मित्र आहे म्हणूनही, मोकळेपणाने लिहितो.

दमा वारंवार उसळतो एवढ्यावरून तो तीव्र ठरत नाही. रोजचं औषध मोठ्या मात्रेत, न चुकता आणि नीट घेऊनही आटोक्यात येत नाही, तो खरा तीव्र दमा. ‘काहीच लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या छातीपर्यंत औषध पोचतच नसतं. तेव्हा आधी तिला तुझ्यासमोर पंप घ्यायला लाव. पंप हलवते का? स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावते का? एका वेळी एकच फवारा मारून चार-सहा श्वास सावकाश घेते का? या वयाची मुलं ‘घेतला’ म्हणतात आणि खेळायला पळतात. तिला रागावू नकोस. बरं वाटत असताना रोज औषध घेणं मोठ्यांनाही जड जातं.

वहिनींना स्टिरॉइडची धास्ती आहे, ती मी समजू शकतो. रोजच्या पंपातल्या, सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा उंचीवर परिणाम होतो, पण मोठेपणी तो साधारण १ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. उलट दमा उसळला की पोटातून द्याव्या लागणाऱ्या गोळ्यांतून कितीतरी जास्त स्टिरॉइड अंगात जातं. झटपट आराम देणारा पंप श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो, आतली सूज मात्र तशीच राहते. रोजचा पंप बंद करून नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हे सगळं नीट होऊनही भागलं नाही, तर ६ वर्षांपुढच्या निवडक मुलांना ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब अशी इंजेक्शनं देता येतात. ते तिच्या डॉक्टरांनी तपासण्या करून ठरवायचं.

मला जास्त काळजी शाळेची वाटते. आराम देणारा पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असेल तर त्याचा काय उपयोग? तो तिच्या दप्तरातच हवा. बाईंना लेखी कळव: धाप लागली तर तिला एकटीला कुठेही पाठवू नये, आडवं न करता सरळ बसवावं, स्पेसरमधून एकेक फवारा द्यावा. वाक्य पुरं करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. दमलेल्या मुलाची घरघर अचानक थांबली तर बरं वाटलं असं समजू नये. हवा आत जाणंच कमी झालेलं असू शकतं.

आणि तिला खेळातून काढू नकोस. दमा आटोक्यात असला की धावणं तिच्या भल्याचंच आहे.

शाळेला द्यायचा कागद आपण मिळून लिहू. रविवारी फोन कर.

तुझा मित्र