वही माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, एव्हाना कपाटाचा वरचा खण दोनदा उपसून झाला असेल. शोधू नका. कवितांची वही मी घेऊन आले आहे. आईवर चिडू नका, तिला गप्प राहायला मीच सांगितलं होतं. आणि मागितली असती तर तुम्ही दिली असतीत का, खरं सांगा!

डॉक्टरांनी डोळ्याला ताण नको म्हणून बजावलं, तरी तुम्ही रात्री दिव्याखाली वाकून आत्याला चार ओळी, काकांना चार ओळी असं उतरवत बसता. मोतीबिंदू काढला तो काय परत डोळे फोडून घ्यायला? म्हणून यापुढे ते काम माझं. रोज सकाळी वहीतली एक ओळ मी सगळ्यांना फोनवर पाठवणार. कालपासून सुरूही केलंय. आत्याचा लगेच फोन आला, पंधरा मिनिटं नुसत्या कविताच बोलत होती.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ओळ तोडून वाटली की कविता मरते. 'जो जे वांछील तो ते लाहो' एवढंच शुभेच्छापत्रावर दिसलं की तुम्ही केवढे वैतागता! त्याआधी 'खळांची व्यंकटी सांडो' आहे, 'दुरितांचें तिमिर जावो' आहे. आधी मनातला वाकडेपणा जाऊ दे, मग ज्याला जे हवं ते मिळू दे, असा तो क्रम आहे. मधलं गाळलं तर ज्ञानदेवांनी कुणाच्याही हावरेपणाला होकार दिल्यासारखं होतं. हे तुम्हीच शिकवलंत आणि मला ते शंभर टक्के पटतं. म्हणून मी ओळीच्या मागचापुढचा भागही पाठवणार. कविता लहान असेल तर अख्खी. कवीचं नाव छापील पुस्तकात बघितल्याशिवाय घालणार नाही. हल्ली कुठलीही ओळ कुणाच्याही नावावर फिरते, त्यात आपली भर नको.

आज 'औदुंबर' पाठवली. आठच ओळी, तोडायचा प्रश्नच नाही. लहानपणी माझा ताप उतरत नसला की तुम्ही उशाशी बसून ती म्हणायचात. 'पाय टाकुनी जळांत बसला असला' इथे थांबायचात आणि शेवटचा शब्द मी म्हणायचा. कितीही ग्लानी असो, तो शब्द मी सोडला नाही. तेव्हा मला वाटायचं, गंमत त्या एका शब्दातच आहे. काल वहीतून उतरवताना कळलं की आधीची पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे गेली नसती आणि लाटांवर तो 'गोड काळिमा' पसरला नसता, तर तो औदुंबर नुसतं झाड राहिला असता. बालकवी 1918 साली गेले, अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्या वयात काळिमा गोड म्हणायला कसं सुचलं असेल हो?

आणि वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही स्वतःच्या अक्षरात काय लिहून ठेवलंय? 'शब्दें वाटूं धन जनलोकां.' तुकोबांचं नाव पुढे करून मी वाद जिंकतेय असं समजा हवं तर. पण वाटूं म्हटलंय, खणात ठेवूं म्हटलेलं नाही.

वहीची काळजी करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत आहे, मुलांच्या हाताला येणार नाही. पुढच्या खेपेला ती तर आणेनच, शिवाय सगळं मोठ्या अक्षरात छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणते. मांडीवर उघडी राहील, हाताने दाबून धरायला नको. पाठीला तक्का घ्या, खिडकीकडे तोंड करून बसू नका, थेंब वेळेवर घाला आणि डोळा चोळू नका. काळा चष्मा घरातही लावायचा. कंटाळा आला तर आईला म्हणायला सांगा.

आई, आता तुझं. वहीत बहिणाबाईंची एकही ओळ नाही, लक्षात आलंय का तुझ्या? तू दिवसभर म्हणतेसच, मग उतरवायचं कशाला, असं बाबांना वाटलं असणार. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. काम करता करता म्हटलेली गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपलं नसतं तर 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' आज तुझ्यापर्यंत तरी आलं असतं का? तर तू रोज संध्याकाळी एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायचं. मला कुठे गाता येतं वगैरे ऐकून घेणार नाही. मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. 'किती हाकला हाकला'ला तू जो हात हलवतेस तो मात्र रेकॉर्डिंगमध्ये दिसणार नाही, एवढंच वाईट वाटतं.

रागावला असाल तर राग फोनवर काढा, जेवणावर नको. गुडघ्याचं तेल संपत आलंय ते मी पाठवते, तुम्ही जिना उतरू नका.

तुमची,
चिऊ

ता. क. बाबा, वहीच्या मागच्या बाजूला एका पानावर सहा ओळी आहेत. खाली नाव नाही आणि खूप खाडाखोड आहे. दुसऱ्याची कविता उतरवताना इतकी खाडाखोड होत नाही. ते पान मी कुणालाही पाठवलेलं नाही. पाठवू का, एवढं सांगा.